मांजराचे कागद आणि मांजराचा कोपरा

मधल्या सुट्टीत पाचवीतली दोन मुले धावत शिक्षकखोलीत येतात. हातात बुटांचे खोके, खोक्यात चिंधी आणि चिंधीवर मांजराचे एक पिल्लू. "बाई, याला आई नाही. आपण ठेवू या का?" बहुतेक शाळांत हा प्रसंग कधी ना कधी घडतो. खोके वर्गावर्गांतून फिरते, कोणी डब्यातली पोळी दुधात कुस्करून देतो आणि संध्याकाळी पिल्लू एखाद्याच्या घरी जाते. पुढे त्याचे काय झाले हे सहसा कळत नाही. आपण चौकशी केलीच, तर उत्तरे ठरावीक असतात: "मेले", "पळून गेले" किंवा "आई नको म्हणाली, म्हणून मंडईत सोडून आलो".

शहरांत आता मोकाट व जखमी मांजरांची सुटका करून त्यांना घर मिळवून देणाऱ्या प्राणिमित्र संस्था आहेत. त्यांच्याकडे मांजर मागायला गेले, की ते आपल्यापुढे दोन-तीन पानांचा अर्ज ठेवतात. त्यात मांजराचे वय, लशींच्या तारखा, निर्बीजीकरणाची हमी, खिडक्यांना जाळी आहे का, घरातल्या सर्वांची संमती आहे का, असे बरेच काही असते. "मांजरासाठी एवढे कागद? आमच्या आजीकडे पाच मांजरे होती, तिने कुठे अर्ज भरला होता?" असे आपल्या मनात येते. प्रश्न रास्त आहे.

त्याचे उत्तर असे, की या अर्जातील जवळजवळ प्रत्येक ओळीमागे मांजराच्या शरीराविषयीची किंवा वर्तनाविषयीची एखादी गोष्ट आहे. मांजर आपला पूर्वेतिहास सांगू शकत नाही. तो सांगण्याचे काम कागद करतो. अर्जातल्या ओळींमागचे विज्ञान समजून घेतले, तर नवे मांजर घरात रुळवायचे कसे, तेही आपोआप उलगडते. म्हणून आपण हा अर्ज एकेक ओळ घेऊन वाचू या.

सात घरे फिरवणारी आई

अर्ज भरण्याआधीचा प्रश्न: पिल्लू खरोखर पोरके आहे का? मांजर आपल्या पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. सात हा आकडा शब्दशः घ्यायचा नाही, पण त्यामागचे निरीक्षण अचूक आहे. जागा ओली झाली, माणसांची वर्दळ वाढली, बोक्याचा वास आला, की भाटी पिल्लांना मानेच्या कातडीला धरून एकेक करून दुसरीकडे नेते. एका वेळी एकच नेता येते. त्यामुळे काही काळ एखादे पिल्लू मध्येच एकटे दिसते. शिवाय दूध पाजणाऱ्या आईला स्वतःची शिकारही करावी लागते. त्या वेळी ती तासन् तास दूर असते.

म्हणून एकटे दिसलेले पिल्लू लगेच उचलू नये. ते कोरडे, उबदार आणि शांत असेल, तर आई बहुधा येऊन जात असते. लांबून, आडोशाने, काही तास पाहावे. आपण जवळ उभे राहिलो तर आई येणारच नाही. पिल्लू गार पडलेले असेल, सतत ओरडत असेल, जखमी असेल किंवा रहदारीच्या रस्त्यावर असेल, तर मात्र थांबू नये. अशा वेळी आधी ऊब द्यावी, मग अन्न. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. ते श्वासनलिकेत जाऊन जीवही जाऊ शकतो.

पहिली ओळ: वय

अर्जावर पहिला रकाना वयाचा असतो. जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसते, मग वय ठरवतात कसे? दातांवरून आणि वजनावरून. मांजराचे डोळे साधारण ७ ते १० दिवसांनी उघडू लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुढचे दुधाचे दात आणि पाठोपाठ सुळे येतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे २६ दात पुरे होतात. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ३० दात येतात. वजनाचा हिशोब आणखी सोपा आहे. जन्मतः पिल्लू सुमारे १०० ग्रॅमचे असते आणि नीट पोसले गेले तर आठवड्याला जवळजवळ तितकीच भर पडते. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू ८०० ते ९०० ग्रॅमच्या आसपास भरते. दात दोन महिन्यांचे आणि वजन ४०० ग्रॅम, असे दिसले तर पिल्लू उपाशी किंवा जंतांनी ग्रासलेले आहे, हे ओळखता येते.

वयाला एवढे महत्त्व का? अमेरिकेतील आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लांना माणसांनी रोज हाताळले, ती पुढे माणसाजवळ निर्भयपणे येतात. या काळात माणसाचा स्पर्श न झालेले पिल्लू पुढे माणसाळत नाही असे नाही, पण त्याला फार वेळ व फार धीर लागतो. दुसऱ्या बाजूने, याच काळात पिल्लू आई-भावंडांबरोबर खेळताना किती जोरात चावायचे आणि नखे केव्हा आत घ्यायची हे शिकत असते. म्हणून संस्था आठ आठवड्यांच्या आत पिल्लू सहसा देत नाहीत. तोवर त्यांच्याकडची सांभाळणारी माणसे त्याला रोज हाताळतात. 'वय' हा रकाना वाचून आपल्याला कळते, की घरी येणारे मांजर आठवड्याभरात मांडीवर बसेल की त्याला दोन-तीन महिने लागतील.

दुसरी ओळ: लशींचे कार्ड

मांजराबरोबर एक छोटे कार्ड मिळते. त्यावर तारखा, लशीच्या बाटलीवरची चिकटपट्टी आणि पशुवैद्यांची सही असते. पुष्कळ जण विचारतात, "एकदा लस दिली ना, मग पुन्हा तीच कशाला?"

पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी आईच्या चिकाच्या दुधातून तयार प्रतिपिंडे मिळतात. ही उसनी ढाल काही आठवडे त्याचे रक्षण करते, पण तीच लशीच्याही आड येते. लशीतील दुबळे केलेले विषाणू शरीराला ओळख पटण्याआधीच ती नष्ट करते. ढाल केव्हा गळून पडेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. कोणात आठव्या आठवड्यात, कोणात चौदाव्या. नेमका दिवस कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी लस देत जातात आणि शेवटची मात्रा १६ आठवड्यांच्या वयानंतर देतात. कार्डावर दोनच तारखा असतील आणि दुसरी दहाव्या आठवड्याची असेल, तर संरक्षण पुरे झाले असे धरता येत नाही.

ही लस मुख्यतः तीन विषाणूंसाठी असते. दोन सर्दी-डोळ्यांचे आजार करतात. तिसरा पार्व्होविषाणू आतड्यांवर व पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो आणि पिल्लांची वेतेच्या वेते घेऊन जातो. हा तिसरा विषाणू घराच्या फटींत, चिंध्यांत वर्षभरही टिकू शकतो. साध्या साबणाने किंवा फिनेलने तो मरतोच असे नाही. पातळ केलेले ब्लीचिंगचे द्रावण लागते. त्यामुळे "आमचे आधीचे पिल्लू उलट्या-जुलाबाने गेले" असे आपण अर्जात प्रामाणिकपणे लिहिले, तर संस्था आपल्याला लस पुरी झालेले मोठे मांजर सुचवते. ही माहिती लपवली तर नव्या पिल्लाचा जीव जातो.

रेबीजची लस वेगळी असते. ती बारा आठवड्यांच्या वयानंतर देतात आणि कार्डावर लिहिलेल्या तारखेला पुन्हा द्यावी लागते. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो, असा समज आपल्याकडे अजून आहे. मांजरालाही तो होतो आणि त्याच्या चाव्यातून माणसालाही होतो. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून खोक्यातल्या अनोळखी पिल्लाने मुलाला चावले किंवा ओरखडले, तर जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. कुत्रा किंवा मांजर यांच्यावर १० दिवस लक्ष ठेवतात, कारण लाळेत विषाणू आल्यानंतर ते प्राणी थोड्याच दिवसांत आजारी पडून मरतात. दहा दिवसांनी प्राणी धडधाकट असेल, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. परंतु माणसाचे उपचार हे दहा दिवस संपण्याची वाट पाहत थांबवायचे नसतात. ते लगेच सुरू करायचे. हा मजकूर शिक्षकखोलीच्या भिंतीवर लावून ठेवण्याजोगा आहे.

तिसरी ओळ: निर्बीजीकरणाची हमी

पिल्लू लहान असताना दिले, तर ते ठरावीक वयात निर्बीज करून घेऊ, असे लिहून द्यावे लागते. काही पालकांना ही अट क्रूर वाटते. "तिला एकदा तरी पिल्ले होऊ द्या," असे म्हणतात.

भाटी चार-सहा महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते. बहुतेक सस्तन प्राण्यांत अंडमोचन ठरलेल्या चक्राने होते. मांजरात ते समागमाच्या उत्तेजनाने होते. त्यामुळे गर्भधारणा सहसा चुकत नाही. गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते.

यावरून काही पत्रकांत एका जोडीपासून सात वर्षांत चार लाखांहून अधिक मांजरे, असा आकडा छापलेला असतो. हा आकडा विद्यार्थ्यांना तपासायला द्यावा. त्यात गृहीत काय धरले आहे? जन्मलेले प्रत्येक पिल्लू जगते आणि त्यालाही पिल्ले होतात, असे. प्रत्यक्षात काय होते? अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात मोकाट मांजरांवर केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नोंदवलेल्या १६९ पिल्लांपैकी १२७ पिल्ले सहा महिन्यांची होण्यापूर्वी मेली किंवा नाहीशी झाली. म्हणजे चारांतली तीन. अटीचे खरे कारण या दुसऱ्या आकड्यात आहे. एकदा होऊ दिलेल्या चार पिल्लांपैकी तीन बहुधा वाहनाखाली, कुत्र्यांच्या तोंडी किंवा आजाराने जातात. शस्त्रक्रियेचा त्रास भाटीला काही दिवस होतो. त्यातून हे सारे टळते.

मोकाट मांजरांत निर्बीजीकरण झालेल्यांच्या एका कानाचे टोक भुलीखाली किंचित कापलेले असते. असे मांजर शाळेच्या आवारात दिसले, तर तो कान म्हणजेच त्याचा कागद आहे असे समजावे. त्याला पुन्हा पकडून शस्त्रक्रियेला नेण्याची गरज नाही.

चौथी ओळ: खिडकीला जाळी आहे का?

मांजर उंचावरून पडले तरी पायांवर उतरते, त्याला काही होत नाही, असा समज आहे. पायांवर उतरते हे खरे. पडताना ते शरीराचा पुढचा भाग आधी वळवते, मागचा नंतर, आणि जमिनीकडे पाय करते. काही होत नाही, हे मात्र खरे नाही.

न्यूयॉर्कमधील एका पशुरुग्णालयात १९८४ मध्ये पाच महिन्यांत इमारतींवरून पडलेली १३२ मांजरे आणली गेली. १९८७ मध्ये त्यांचा अहवाल आला. उपचार केलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. आणखी नवल म्हणजे सातव्या मजल्याच्या वरून पडलेल्यांना त्या मानाने कमी इजा झालेल्या दिसल्या. वर्तमानपत्रांना ही बातमी फार आवडली. पण येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा: जी मांजरे जागीच मेली, त्यांना रुग्णालयात कोणी नेले असेल? मोजणी झाली ती फक्त आणलेल्या मांजरांची. नमुना कसा निवडला गेला हे न पाहता टक्केवारी वाचली, की अशी फसगत होते. वाचलेल्यांतही फुटलेला टाळू, मोडलेला जबडा व पाय आणि छातीतील इजा यांचे प्रमाण मोठे होते.

चिमणी किंवा पाल दिसली की मांजराचे सारे लक्ष भक्ष्यावर जाते, कठड्यावर नाही. म्हणून चौथ्या मजल्यावरच्या घरात जाळी असल्याशिवाय मांजर द्यायचे नाही, असा नियम संस्था करतात.

पाचवी ओळ: सोडून देणार नाही

बैठ्या घरांच्या काळात नकोसे मांजर पोत्यात भरून नदीपलीकडे किंवा बाजारात सोडून येण्याची पद्धत होती. अजूनही आहे. हा निरुपद्रवी उपाय वाटतो. परंतु १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमानुसार, उपासमार किंवा तहान यांमुळे प्राण्याला यातना होतील अशा स्थितीत त्याला विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. हा कायदा व्हावा म्हणून नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्रयत्न केले होते. आपल्या राज्यघटनेच्या ५१-क कलमातही सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदले आहे.

दत्तकाच्या अर्जाचा सरकारने ठरवलेला नमुना नाही. तो मांजर देणारा व घेणारा यांच्यातील करार असतो. म्हणून 'सांभाळणे न जमल्यास मांजर संस्थेकडे परत करीन, परस्पर दुसऱ्याला देणार नाही' हे वाक्य त्यात शोधावे. नसल्यास घालून घ्यावे. सही घरातील प्रौढ व्यक्तीची लागते. १८ वर्षांखालील व्यक्तीला आपल्या कायद्याप्रमाणे करार करता येत नाही, हे उत्साही विद्यार्थ्यांना सांगावे. काही महापालिका पाळीव प्राण्यांची नोंदणी करायला सांगतात. आपल्या गावचा नियम काय, ते नगरपालिकेत विचारावे.

काही मांजरांच्या खांद्यांमधील कातडीखाली तांदळाएवढी सूक्ष्मचिप बसवलेली असते. ती मांजर कुठे आहे हे सांगते, असे अनेकांना वाटते. तिच्यात ना विद्युत्घट असतो, ना शोधयंत्रणा. वाचकयंत्र जवळ आणले, की त्याच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि १५ अंकी क्रमांक सांगते, एवढेच. त्या क्रमांकापुढे आपले नाव व पत्ता नोंदलेला नसेल, तर चिपचा काही उपयोग नाही. म्हणून मांजर ताब्यात घेताना नोंद आपल्या नावावर करून घ्यावी. नोकरीसाठी युरोपात जाणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांना याचा विशेष अनुभव येतो. तेथील नियमाप्रमाणे आधी चिप, मग रेबीजची लस, नंतर किमान ३० दिवसांनी प्रतिपिंडांसाठी रक्ततपासणी आणि त्यानंतर तीन महिने थांबणे, हा क्रम लागतो. चिपआधी दिलेली लस धरत नाहीत, कारण ती याच मांजराला दिली हे सिद्ध होत नाही.

घरी आल्यावर

कागद पुरे झाले, मांजर टोपलीतून घरी आले. घरातली सर्व मुले भोवती जमली. टोपली उघडताच मांजर सुसाट जाऊन पलंगाखाली बसले, आणि दोन दिवस बाहेर आले नाही. "याला आपण आवडलो नाही," असा निष्कर्ष मुले काढतात. तो चूक आहे.

मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया व आफ्रिकेतील रानमांजरांत आहेत. त्यांचेच भाऊबंद असलेली वाळवंटी रानमांजरे आपल्याकडे कच्छ व राजस्थानात आढळतात. हा प्राणी एकट्याने शिकार करतो. कुत्र्याला भीती वाटली तर तो आपल्या टोळीकडे पाहतो. मांजराला टोळी नसते, असतो तो इलाखा. आडोसे कुठे, पळायच्या वाटा कुठल्या, वास कोणाचे, हे ठाऊक असलेली जागा म्हणजे त्याची सुरक्षितता. घर बदलताना आपण नेमके तेच काढून घेतो.

नेदरलँड्समधील उट्रेख्त येथील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक साधा प्रयोग येथे उपयोगी आहे. आश्रयगृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० मांजरांना लपायला पेटी दिली, ९ मांजरांना दिली नाही. अंगस्थिती, कान, बाहुल्या, श्वास यांवरून ताणाला गुण देत १४ दिवस निरीक्षण केले. पेटी असलेली मांजरे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बरीच सावरली. पेटी नसलेल्यांना कितीतरी अधिक दिवस लागले. म्हणजे लपू दिलेले मांजर लवकर बाहेर येते. नमुना लहान आहे, पण प्रयोग घरी मान्य करण्याजोगा आहे, कारण त्याला लागते फक्त एक खोके.

तेव्हा पहिले काही दिवस मांजराला एकच खोली द्यावी. त्या खोलीत एका बाजूला उघडे खोके आडवे ठेवावे. अन्न व पाणी एका कोपऱ्यात, रेतीचा ट्रे त्याच्या समोरच्या कोपऱ्यात. मांजर जेवणाजवळ विसर्जन टाळते. संस्थेत जी रेती किंवा माती होती तीच सुरुवातीला वापरावी आणि जे अन्न होते तेच द्यावे. तिथली वापरलेली एखादी चिंधी मागून आणावी व ती मुळीच धुऊ नये. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर व पंजांत गंधग्रंथी असतात. ते टेबलाच्या पायाला, दाराच्या चौकटीला गाल घासते तेव्हा आपली गंधखूण ठेवत असते. आपल्याला काहीच वास येत नाही, पण त्याच्यासाठी ती जागा 'माझी' होते. नवे मांजर गाल घासू लागले, की ते रुळू लागले असे समजावे.

मुलांनी काय करायचे? खोलीत जमिनीवर बसून पुस्तक वाचायचे. मांजराला ओढून काढायचे नाही, टक लावून पाहायचे नाही. ससेक्स व पोर्ट्स्मथ विद्यापीठांतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की माणसाने मांजराकडे पाहून डोळे सावकाश मिटून उघडले, तर मांजरही तसेच करण्याची आणि अशा माणसाजवळ येण्याची शक्यता वाढते. मुलांना हे फार आवडते आणि त्यांचा हातही मागे राहतो.

घरात आधीचे मांजर असेल, तर दोघांना निदान दोन आठवडे वेगळे ठेवावे. त्याची दोन कारणे आहेत. पार्व्हो, सर्दीचे विषाणू आणि नायटा यांची लक्षणे दिसायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात. आणि दोघांची ओळख आधी वासाने व्हावी लागते. एकाची चिंधी दुसऱ्याच्या खोलीत ठेवावी, मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण द्यावे, मग दाराच्या फटीतून किंवा जाळीतून भेट. पहिल्याच दिवशी समोरासमोर आणलेल्या मांजरांचे भांडण पुढे महिनोन् महिने चालते.

मांजराने पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्यांना विचारावे. दोन-तीन दिवसांच्या उपासानेही मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून जीव धोक्यात येऊ शकतो. 'भूक लागली की खाईल' हा नियम येथे चालत नाही. बाहेर जाणारे मांजर पाळायचे असेल, तरीही पहिले तीन-चार आठवडे दार बंद ठेवावे. हरवलेल्या दत्तक मांजरांपैकी कित्येक पहिल्या काही दिवसांत दार उघडे राहून गेलेली असतात. घराचा इलाखा अजून त्यांच्या डोक्यात बसलेला नसतो.

दूध-भात आणि औषधाचा डबा

आपल्या घरांत मांजराला दूध-भात किंवा दूध-पोळी देतात. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दुधातील साखर पचत नाही, त्यामुळे जुलाब होतात. याहून महत्त्वाचे म्हणजे मांजर टॉरिन नावाचे द्रव्य शरीरात पुरेसे तयार करू शकत नाही. ते मांस-मासळीत असते, भात-पोळीत नसते. त्याच्या अभावी मांजराचा दृष्टिपटल खराब होतो हे १९७५ मध्ये, आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात हे १९८७ मध्ये संशोधनातून पुढे आले. घर शाकाहारी असेल, तर मांजरासाठी निराळे अन्न आणायची तयारी आहे का, हे अर्ज भरण्याआधीच ठरवावे.

तापासाठी घरात असलेली पॅरासिटॅमॉलची अर्धी गोळीही मांजराला मारू शकते. ते औषध निकामी करणारी यकृतातील एक यंत्रणा मांजरात अपुरी असते. कपाटातल्या डांबरगोळ्या, कुत्र्यांसाठीची काही गोचीडनाशके आणि फुलदाणीतली लिलीची फुले यांनाही मांजरापासून दूर ठेवावे. रेतीचा ट्रे रोज साफ करावा. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज ट्रे साफ केला, तर त्यांना ती वेळच मिळत नाही. घरातील गरोदर स्त्रीने हे काम दुसऱ्याकडे द्यावे. मात्र त्यासाठी मांजर घराबाहेर काढण्याची गरज नाही.

वर्गासाठी एक वही

ज्या विद्यार्थ्याच्या घरी मांजर येईल, त्याने एक वही ठेवावी. पहिल्या पानावर अर्जातील माहिती, लशीच्या तारखा आणि पशुवैद्यांचा दूरध्वनी असावा. पुढच्या पानांवर रोजचे रकाने: किती खाल्ले, ट्रे वापरला का, लपलेले होते की बाहेर, पहिल्यांदा गाल कधी घासला, आठवड्याचे वजन किती. दोन महिन्यांनी वजनाचा आलेख काढता येतो. दोन-तीन घरांच्या वह्या शेजारी ठेवल्या, तर लहान वयात हाताळलेले मांजर आणि रस्त्यावर वाढलेले मांजर यांना रुळायला लागलेल्या दिवसांची तुलना करता येते. नमुना लहान आहे, हे मुलांनी निष्कर्षाखाली स्वतःच लिहावे.

ही वहीदेखील एक कागदच आहे. कुटुंबाची बदली झाली, मांजर आजारी पडले किंवा दुसऱ्या घरी द्यावे लागले, तर नव्या माणसाला त्याचा पूर्वेतिहास तेथून कळतो. आणि पुढच्या वेळी खोके घेऊन कोणी शिक्षकखोलीत आले, तर 'ठेवू या का?' याच्या आधी 'आई कुठे आहे?', 'वय किती?' आणि 'घरी कोण सही करणार?' हे तीन प्रश्न मुलेच विचारतील.